फक्त घाटात झटके मारणारी गाडी: दुसऱ्या सिलिंडरची कॉइल आणि एक चुकलेली चाचणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार सिलिंडरच्या, १.२ लिटर पेट्रोल इंजिन असलेल्या एका हॅचबॅक मोटारीचे आहे. मालकांनी तिला बाजारातून सिक्वेन्शियल पद्धतीचे (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने गॅस देणारे) सीएनजी किट बसवून घेतले होते आणि आमच्या गॅरेजमध्ये ती प्रथम आली तेव्हा मीटरवर १,०८,००० किलोमीटरचा आकडा होता. मालक वाई परिसरात राहतात, शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि तीन सहकाऱ्यांना सोबत घेऊन रोज ये-जा करतात. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी गाळले आहेत. रस्ता मात्र मुद्दाम ठेवला आहे, कारण निदानाचा निम्मा भाग त्या रस्त्यातच होता. सकाळी पुण्याच्या दिशेने जाताना ही गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून जात असे आणि संध्याकाळी साताऱ्याच्या दिशेने परतताना, चार माणसे घेऊन, गॅसवर, खंबाटकीचा घाट चढत असे. सकाळची तक्रार कधीच नव्हती. जी काही तक्रार होती ती संध्याकाळची होती.

या इंजिनात प्रत्येक प्लगला, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या भागाला, स्वतंत्र कॉइल आहे आणि ती प्लगच्या थेट डोक्यावर बसते. बॅटरीच्या १२ व्होल्टांपासून ही कॉइल वीस-तीस हजार व्होल्टांपर्यंतचा दाब निर्माण करते. तो प्लगपर्यंत पोहोचवण्याचे काम रबरी बूट आणि त्याच्या आतली स्प्रिंग करतात. प्लग सिलिंडर हेडमध्ये खोल विहिरीसारख्या पोकळीत असतो आणि ही विहीर टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) वर येते. कव्हरखाली सतत इंजिन ऑइल उडत असते. ते विहिरीत उतरू नये म्हणून कव्हरच्या पॅकिंगसोबत प्रत्येक विहिरीभोवती एक गोल सील असते. कॉइल, बूट, प्लग आणि सील या चार वस्तू कागदावर वेगवेगळ्या असल्या तरी एक बिघडली की ती शेजारच्या वस्तूलाही बिघडवते. या गाडीत तसेच झाले, आणि त्यातले एक बिघडणे आमच्या हातून झाले.

समस्या

मालकांनी तक्रार अशी सांगितली: "घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी धरून धरून सोडते, मागून कुणी दोरी ओढल्यासारखी. पेट्रोलवर टाकली की गप्प चालते." त्यांचा निष्कर्ष सरळ होता की दोष गॅस किटमध्ये आहे. आधी ज्या ठिकाणी त्यांनी गाडी दाखवली होती, तिथेही हाच निष्कर्ष काढला गेला होता.

झटके बसत असताना डॅशबोर्डवरची चेक लाइट लुकलुकत असे आणि चढ संपला की ती स्थिर होई. "गॅसच्या गाडीला लाइट येतेच," असे त्यांना सांगण्यात आले होते आणि त्या भरवशावर त्यांनी सुमारे अडीच महिने गाडी तशीच चालवली. हे वाक्य मी अनेक मालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते मला दर वेळी अस्वस्थ करते. स्थिर लाइट म्हणजे नोंद घेण्याजोगा दोष. लुकलुकणारी लाइट म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जात आहे आणि त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाचे) नुकसान होऊ शकते, असा स्पष्ट इशारा. ते इंधन कन्व्हर्टरमध्ये पेटते, आतली सिरॅमिकची जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी वितळते. त्या एका भागाची किंमत या प्रकरणात पुढे झालेल्या संपूर्ण खर्चाच्या कित्येक पट आहे.

आधी झालेल्या दुरुस्त्या

पहिल्यांदा गॅसचा फिल्टर बदलला गेला. फरक पडला नाही. मग गॅस इंजेक्टरची रेल (सिलिंडरांना गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरांची पट्टी) बदलली गेली, तिचे साडेचार हजार रुपये झाले आणि तरीही फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी स्कॅनर लावून गॅसचे ट्यूनिंग करण्यात आले, आणि या वेळी आठ-दहा दिवस झटके खरोखर कमी झाले. पुढे सगळ्यांची दिशाभूल झाली ती या तात्पुरत्या गुणामुळे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे.

स्कॅनरवर तेव्हा पी ०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी असल्याचा कोड होता. हा कोड पाहून इंधन वाढवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर इंधन मोजत नाही. तो उरलेला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर इंधनासोबत त्या सिलिंडरमधली सगळी हवाही न वापरता बाहेर पडते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणकाची समजूत होते की इंधन कमी पडत आहे. ठिणगीचा दोष असा इंधनाच्या दोषाचा वेष घेऊन समोर येतो. त्यातही, मिश्रणात इंधन थोडे वाढवले की ते पेटवायला किंचित सोपे होते, म्हणून अशक्त झालेली ठिणगी काही दिवस पुरी पडते. गुण आल्यासारखा वाटला तो एवढाच. प्लगची टोके झिजून त्यांच्यातली फट पुढे रुंदावत राहिली, झटके परत आले आणि त्यांच्यासोबत गॅसचा खपही वाढला.

आमच्याकडे गाडी आली तोपर्यंत पेट्रोलवरही, चौथ्या गिअरला कमी वेगात पाय पूर्ण दाबल्यास, हलकेसे मिसिंग (मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधले ज्वलन हुकणे) जाणवू लागले होते. मालकांच्या बोलण्यात ही गोष्ट अगदी शेवटी, जाता जाता आली. माझ्या दृष्टीने ती त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची माहिती होती, कारण ती खरी असेल तर दोष फक्त गॅस किटचा असू शकत नव्हता.

पहिला निर्णय: गाडी उभी करून तपासायची की चढावर

गॅरेजच्या आवारात, आयडलिंगवर, गाडीत काहीही दोष दिसत नव्हता. इथे बरीच निदाने चुकतात. दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडी मारण्यासाठी किती दाब लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: फट किती रुंद आहे आणि त्या क्षणी सिलिंडरमधले वायू किती दाबलेले आहेत. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते आणि त्यामुळे दुबळी कॉइलही काम भागवते. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडतो, सिलिंडर भरून हवा येते, दाब वाढतो आणि कॉइलकडे मागणी एकदम वर जाते. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते, म्हणून त्याच कॉइलवर, त्याच प्लगवर, त्याच घाटात गॅस आधी हरतो आणि पेट्रोल नंतर. पेट्रोलवर गाडी ठीक चालते म्हणून दोष गॅसचा, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. गॅस इथे अधिक कडक परीक्षा घेत होता, इतकेच.

आम्ही स्कॅनर जोडून, गाडीत चार माणसे बसवून, जवळच्याच एका लांब चढावर गेलो. संगणक मिसफायर ओळखतो तो क्रँकशाफ्टच्या गतीवरून: प्रत्येक स्फोटाबरोबर शाफ्टला एक बारीक धक्का मिळतो आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला तो मिळत नाही, तो सिलिंडर नोंदला जातो. चढ निम्मा होईपर्यंत पी ०३०२ कोड आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसरा सिलिंडर. पहिला आणि चौथा स्वच्छ होते. तिसऱ्याच्या खात्यात तुरळक नोंद होती.

एकाच सिलिंडरवर दोष आल्याने गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, गॅस फिल्टर किंवा टाकीतला दाब ही चारही सिलिंडरांना समान असलेली कारणे मागे पडली. उरले ते दुसऱ्या सिलिंडरचे स्वतःचे: कॉइल, प्लग, पेट्रोल आणि गॅसचे त्याचे इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब). दोष दोन्ही इंधनांवर दिसत असल्याने इंजेक्टरची शक्यता फार कमी होती. एकाच सिलिंडरचे दोन वेगवेगळे इंजेक्टर एकाच वेळी बिघडणे दुर्मिळ.

दुसरा निर्णय: अदलाबदल चाचणी

संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी आणि दोष तिच्यासोबत सरकतो का ते पाहावे, ही चाचणी सोपी, बिनखर्चाची आणि सर्वमान्य आहे. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजण्याचा पर्याय होता, पण या कॉइलमध्ये स्विचिंगचे इलेक्ट्रॉनिक्स आतच बसवलेले असते, त्यामुळे साध्या मोजणीतून खात्रीचे काही हाती लागत नाही. शिवाय थंड कॉइल बरोबर आकडा दाखवते आणि तापल्यावर आतले सूक्ष्म तडे उघडून दगा देते, हेही आम्ही पाहिलेले आहे.

म्हणून आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइली आपसांत बदलल्या. दुसरी कॉइल उपसताना बुटाच्या खालच्या टोकाला ऑइल लागलेले दिसले. ते आम्ही फडक्याने पुसले, चाचणी आधी पूर्ण करावी असे ठरवले आणि तिसऱ्याची कॉइल त्या विहिरीत बसवून पुन्हा चढावर गेलो. पंचवीस-तीस किलोमीटरच्या फेरीत कोड पी ०३०३ झाला. दोष कॉइलसोबत सरकला होता. पण दुसऱ्या सिलिंडरची नोंदही शून्यावर आली नाही. ती खूप कमी झाली, तरी राहिली.

त्या उरलेल्या थोड्या नोंदीचा अर्थ आम्ही त्या दिवशी पुरेसा लावला नाही. "प्लगही झिजलेला असणार," एवढेच म्हणालो. ते खरेच होते, पण अपुरे होते.

गाडी थंड झाल्यावर, विहिरीतले ऑइल आधी कापडाने टिपून आणि हवेच्या झोताने कचरा उडवून, चारही प्लग काढले. ऑइल तसेच ठेवून प्लग सोडवला तर ते थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग साध्या निकेलचे होते आणि मालकांच्या वहीनुसार ४६,००० किलोमीटर चालले होते. त्या इंजिनासाठी फट १.० ते १.१ मिलिमीटर असायला हवी. फीलर गेजने ती तीन प्लगांवर १.३ आणि दुसऱ्यावर १.४ भरली. दुसऱ्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर, वरच्या टोकापासून षट्कोनी भागापर्यंत उतरलेली, पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती. जुन्या कॉइलच्या बुटात, नेमक्या समोर, तिचीच जोडीदार रेघ होती.

ही रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली पळवाट. फट रुंदावली, सिलिंडरमध्ये उडी मारायला लागणारा दाब वाढत गेला, ऑइलने बुटाचे रबर मऊ पडले आणि एके दिवशी विजेला सिलिंडरच्या आतून जाण्यापेक्षा प्लगच्या बाहेरून इंजिनाच्या धातूवर उतरणे सोपे झाले. एकदा ती तिथून गेली की मागे कार्बनचा माग ठेवते, आणि कार्बन वीज वाहतो. त्यानंतरच्या प्रत्येक चढावर ती त्याच वाटेने जाते.

प्लग बाहेर होतेच, म्हणून कॉम्प्रेशनही मोजले. चारही सिलिंडर १६८ ते १७५ पीएसआयच्या दरम्यान आले. इंजिन आतून निरोगी होते. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावून एक्झॉस्टमधला उलटा दाबही तपासला. तो मर्यादेत होता. अडीच महिन्यांच्या लुकलुकत्या लाइटनंतर हे मालकांचे नशीब होते.

विचारात घेतलेले पर्याय

फक्त चार प्लग बदलणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. फट पुन्हा १.० झाल्याने मागणी घटली असती आणि गाडी काही दिवस चाललीही असती. पण कार्बनची रेघ असलेला जुना बूट नव्या प्लगवर बसवला की तो नव्या पोर्सेलीनवरही रेघ उमटवतो. हा पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला.

दुसरा मार्ग होता चार प्लग, दुसऱ्या सिलिंडरची एक नवी कॉइल, टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि चारही विहिरींची सील. तिसरा मार्ग म्हणजे हेच सगळे, पण कॉइली चारही नव्या. एका मूळ कॉइलची किंमत तेव्हा दोन हजार रुपयांच्या आसपास होती. चारही एकाच वयाच्या असतात, एक गेली की बाकीच्या रांगेत असतात, हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य नाही. ही कॉइल वयाने गेली नव्हती. झिजलेल्या प्लगने तिच्यावर पडलेला ताण आणि गळक्या सीलने तिच्या बुटाची केलेली दशा यांनी ती गेली होती. ती दोन्ही कारणे दूर केली तर उरलेल्या कॉइली किती टिकतील हे निदान पाहता तरी येते. जो माणूस आधीच चुकीच्या रेलवर साडेचार हजार रुपये घालवून आलेला आहे, त्याला आणखी सहा हजारांच्या, दोष सिद्ध न झालेल्या कॉइली घ्यायला लावणे मला योग्य वाटले नाही.

मूळ कॉइलच्या साधारण एक तृतीयांश किमतीत मिळणारी बिनानावाची कॉइल हाही एक पर्याय मालकांनी विचारला. तिच्याबद्दल आम्ही नकार दिला. तिची ऊर्जा किती आहे आणि रबराचा दर्जा काय आहे हे बाहेरून कळत नाही, आणि गॅसवर घाट चढणाऱ्या गाडीत नेमके तेच पणाला लागते.

प्लगबाबतही एक प्रश्न आला. मालक स्वतः बाजारातून एक संच घेऊन आले होते. डबी नामांकित वाटत होती, किंमत मात्र संशय यावा इतकी कमी होती. या इंजिनाला रेझिस्टर असलेला प्लग लागतो आणि अशा प्लगचा आतला रोध साधारणतः काही हजार ओहम असतो. मल्टिमीटरवर त्या चारपैकी तीन प्लगांनी जवळजवळ शून्य दाखवले. ते आम्ही परत करायला लावले. आतला रेझिस्टर नसेल तर ठिणगीचा विद्युत गोंगाट सेन्सर आणि संगणकापर्यंत पोहोचू शकतो, म्हणजे एक दोष घालवून दुसरा, अधिक गोंधळात टाकणारा दोष विकत घेतल्यासारखे होते.

मालकांनी दुसरा पर्याय निवडला. आमचीही शिफारस तीच होती.

प्रत्यक्ष काम

टॅपेट कव्हर उतरवल्यावर जुनी सील बोटांनी दाबली तर प्लॅस्टिकसारखी कडक लागली. उष्णतेने रबराचा लवचीकपणा गेला होता. दुसऱ्या विहिरीच्या सीलला तडा होता. तिसऱ्याची सील अजून शाबूत होती, पण तिच्या कडेलाही ऑइलचा ओलावा होता. नवे पॅकिंग बसवून, जिथे दोन भागांचे सांधे येतात त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा थेंब देऊन, कव्हरचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले.

नव्या प्लगची फट ठेवताना मतभेद झाला. गॅसच्या गाडीत फट ०.७ किंवा ०.८ करण्याची पद्धत आमच्याकडे रूढ आहे. फट कमी केली की व्होल्टेज कमी लागते हे खरे. पण ठिणगीही आखूड होते, ज्वालेचा पहिला गोळा लहान राहतो आणि आयडलिंग खडबडीत होऊ शकते. कॉइल आणि बूट चांगले असतील तर इतके मागे जाण्याची गरज नसते. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेचे खालचे टोक, म्हणजे १.० मिलिमीटर, आम्ही ठरवले.

प्लग थंड हेडमध्ये, आधी रबरी नळीच्या टोकात धरून हाताने फिरवत बसवले. आटे चुकीचे धरले तर नळी घसरते आणि ॲल्युमिनियमचे हेड वाचते. शेवटचे आवळणे टॉर्क रेंचने २२ न्यूटन-मीटरवर केले. आट्यांना ग्रीस लावले नाही. अनेक प्लगनिर्माते ते लावू नका असे सांगतात, कारण निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताण देतो. बुटाच्या आतल्या कडेला मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला. दुसऱ्यावर नवी कॉइल बसली आणि तिसऱ्याची जुनी कॉइल तिच्या मूळ जागी, नव्या प्लगवर, परत गेली.

यानंतर गॅसचे ट्यूनिंग पूर्ववत करणे बाकी होते. आधी वाढवून ठेवलेले इंधन आता निष्कारण जास्त ठरत होते: मिसफायर थांबताच पेट्रोलच्या संगणकाने इंधनाची दुरुस्ती उणे १४ टक्क्यांपर्यंत खाली नेली. ही शिकलेली दुरुस्ती तशीच राहिली असती तर गाडी पेट्रोलवर टाकल्यावर इंधन कमी पडले असते. गॅसचा नकाशा (कधी किती गॅस सोडायचा याचा तक्ता) सुधारून दोन्ही इंधनांवर गाडी चालवली आणि दुरुस्ती तीन-चार टक्क्यांच्या आत आल्यावरच गाडी सोपवली. चार माणसांसह खंबाटकी तिसऱ्या गिअरला, एकही नोंद न होता चढली.

तीन आठवड्यांनंतर

मालकांचा फोन आला: झटके परत आले होते, फक्त पूर्वीपेक्षा हलके. या वेळी मात्र लाइट लुकलुकताच त्यांनी गाडी कडेला घेतली, पेट्रोलवर टाकली आणि सावकाश घरी नेली.

कोड पी ०३०३ होता. मनात पहिला विचार आला तो असा, की चारही कॉइली बदलायला हव्या होत्या. तिसरी कॉइल उपसली. विहीर कोरडी होती, म्हणजे सीलचे काम टिकले होते. नव्या प्लगच्या पोर्सेलीनवर फिकट, अर्धवट उमटलेली काळी रेघ होती आणि बुटाच्या आतल्या बाजूला ठळक रेघ होती.

तीन आठवडे चाललेल्या नव्या प्लगवर अशी रेघ स्वतःहून येत नाही. ती बुटाने आणली होती. आणि बुटाला ती कुठून मिळाली, हे आठवायला वेळ लागला नाही: चाचणीच्या दिवशी हाच बूट दुसऱ्या सिलिंडरच्या जुन्या, रेघ पडलेल्या, ऑइलने माखलेल्या प्लगवर बसून पूर्ण भाराखाली पंचवीस-तीस किलोमीटर फिरला होता. त्या फेरीत दुसऱ्या सिलिंडरवर उरलेली थोडी नोंद म्हणजे वीज त्या जुन्या वाटेने अधूनमधून निसटत होती आणि निसटताना चांगल्या बुटात आपला माग कोरत होती. आमच्या चाचणीने निरोगी भागाला रोग दिला होता.

कॉइल स्वतः निरोगी आहे का हे आता वेगळे तपासावे लागणार होते. सुदैवाने या कॉइलचा बूट आणि स्प्रिंग सुटे मिळतात. फक्त नवा बूट, नवी स्प्रिंग आणि तिसऱ्या सिलिंडरसाठी पुन्हा एक नवा प्लग बसवला. चढावर दोन वेळा चार माणसांसह तपासले. तिसऱ्याच्या खात्यात शून्य नोंद. कॉइल चांगली होती. या दुसऱ्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत आणि कारण मालकांना जसे घडले तसे सांगितले.

वेगळे काय करता आले असते

अदलाबदल चाचणी चुकीची नव्हती. तिचा क्रम चुकला. बुटावर ऑइल दिसले तेव्हाच थांबून प्लग काढून पाहायला हवा होता. पोर्सेलीनवर रेघ दिसली असती तर दुसऱ्या सिलिंडरवर आधी नवा प्लग घालून मग कॉइल सरकवता आली असती, किंवा गॅरेजमध्ये चाचणीसाठी वेगळी राखून ठेवलेली कॉइल वापरता आली असती. संशयित कॉइल चांगल्या प्लगवर नेण्यातही तोच धोका उलट दिशेने आहे, म्हणून अशी फेरी लांब चढावर न करता जेमतेम दोष दिसेल इतकीच करावी. त्यानंतर आम्ही तपासणीच्या कागदावर कॉइल हलवण्याआधीची एक ओळ वाढवली: विहिरीत टॉर्चने पाहणे, प्लग काढून पोर्सेलीन आणि बुटाची आतली बाजू भिंगाखाली तपासणे.

चाचणीनंतर दुसऱ्या सिलिंडरवर नोंद का उरली, हा प्रश्न आम्ही सोडून दिला, हेही चुकलेच. दोष सरकला की समाधान होते आणि उरलेल्या छोट्या आकड्याकडे लक्ष जात नाही.

चारही कॉइली बदलण्याचा निर्णय योग्य ठरला असता का, याचा मी पुन्हा विचार केला. त्या निर्णयाने तीन आठवड्यांनंतरची फेरी टळली असती, हे मान्य. पण ती टळली असती ती चुकून. चाचणीने खराब केलेला बूट कॉइलसोबत कचऱ्यात गेला असता आणि आमची चूक आम्हाला कधी कळली नसती. मालकांच्या बाजूने पाहिले तर वेगळा निर्णय खूप आधी, प्लगच्या बाबतीत, घेता आला असता. निकेलचा प्लग गॅसच्या गाडीत ४६,००० किलोमीटर ठेवणे जास्त होते. तोच वीस-पंचवीस हजारांवर बदलला असता तर बुटावर इतका ताण आलाच नसता आणि सील गळले असते तरी ते प्लग बदलताना दिसले असते.

सद्यस्थिती

या घटनेला आता गाडीच्या मीटरवर २२,००० किलोमीटर उलटले आहेत. मागच्या सर्व्हिसिंगला चारही प्लग काढून पाहिले: फट १.१ भरली, पोर्सेलीन पांढरी होती आणि चारही विहिरी कोरड्या होत्या. कन्व्हर्टरचा कोड आलेला नाही. गॅसचा खप ट्यूनिंगपूर्वीच्या पातळीवर परत आला आहे. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मूळ कॉइली अजून गाडीतच आहेत. प्लग त्याच वेळी नवे घातले. तीन आठवड्यांनंतर काढलेला तिसऱ्या सिलिंडरचा, ती अर्धवट रेघ असलेला प्लग, दुसऱ्याच्या जुन्या प्लगशेजारी आमच्या कपाटात ठेवला आहे. नवीन मुलगा कामावर आला की त्याच्या हातात आधी ते दोन प्लग देतो.